कळप बघतो तिकडे

टांझानियाला जायचं प्रल्हादने ठरवलं तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नच्या घरात बाकी कोणाला फारसा उत्साह नव्हता. अनिका सोळा वर्षांची. तिला सुट्टी मैत्रिणींबरोबर काढायची होती. मी एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगचं काम बघते, आणि उन्हाळ्यात रजा मागितली की मॅनेजरचं तोंड वाकडं होतं. पण प्रल्हाद नागपूरचा. लहानपणी अनेकदा ताडोब्याला जाऊन एकही वाघ न बघता परत आलेला. "मला एकदा पोटभर जनावरं बघायची आहेत, आश्लेषा," तो म्हणाला. "मग काही मागणार नाही."

पहिले काही दिवस तारांगिरेच्या जंगलात गेले. बुंध्यात खोली मावेल असे बाओबाब, त्यांच्या सावलीत हत्ती, आणि कपड्यांवरूनही चावणाऱ्या त्सेत्से माश्या. आमचा गाइड लेमा स्वतःच जीप चालवायचा. चाळिशीचा, बोलका, स्वतःच्याच विनोदांवर आधी हसणारा. जीपचं छप्पर वर उचललं जायचं आणि आम्ही सीटवर उभे राहून बाहेर बघायचो.

"सिंह शोधत बसू नका," लेमा म्हणाला. "हरणांकडे बघा. कळप खायचा थांबला आणि सगळे एकाच दिशेला बघायला लागले, की समजा तिकडे काहीतरी आहे."

अनिकाला हा खेळ फार आवडला. इम्पालांच्या माना वळल्या की ती दुर्बीण तिकडे फिरवायची, आणि खरंच कधी गवतात चित्त्याचे कान दिसायचे, कधी झाडावरून लोंबणारी बिबट्याची शेपटी. फोन बाजूला ठेवून ती बापाच्या खांद्यावर हात टाकून उभी राहायची. मला वाटलं, बरं झालं आलो.

सेरेंगेटीत दुपारी एका खडकाळ टेकाडापाशी प्रल्हादने लघवीसाठी जीप थांबवायला सांगितली. आजूबाजूला मैलोन् मैल वाळलेलं गवत आणि मधेच हे गोल, करड्या दगडांचं बेट. लेमाने दुर्बिणीतून नीट पाहून घेतलं आणि मान हलवली. प्रल्हाद दगडांमागे गेला. त्याला जरा जास्तच वेळ लागला. लेमाने हॉर्न दिला, मग पुन्हा एकदा दिला, तेव्हा तो आला. सावकाश, हात खिशात घालून.

"काय करत होतास?"

"काही नाही. मागे छान गार होतं. जरा उभा राहिलो."

ऊन असं होतं की जीपच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. मी पुढे काही विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर घाम नव्हता, एवढं मात्र बघितलं.

थोडं पुढे गेल्यावर रस्त्याच्या कडेला झेब्र्यांचा मोठा कळप चरत होता. आम्ही जवळ येताच त्यांनी माना वर केल्या. सगळ्यांनी, एकदम. लेमाने जीप थांबवून आमच्या मागे दुर्बीण लावली. मग डावीकडे, मग उजवीकडे. मागे नुसतं गवत होतं.

त्याने जीप हळूहळू पुढे घेतली. कळप पळाला नाही. आम्ही जसे सरकत गेलो तशा त्यांच्या माना सरकत गेल्या.

"आई, दे आर लुकिंग अ‍ॅट अस," अनिका म्हणाली. मग थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "नो. अ‍ॅट बाबा."

प्रल्हाद हसला. कॅमेरा काढून त्याने भराभर फोटो घेतले. झेब्रे असे समोर बघत उभे राहिले तर कोणता फोटोग्राफर सोडेल?

संध्याकाळच्या उन्हात आम्हाला शिकारीवर बसलेले सिंह दिसले. रेड्याएवढ्या विल्डबीस्टचं पोट फाडून त्यांची तोंडं लाल झाली होती. आम्ही पोचलो आणि म्हातारी सिंहीण खायची थांबली. तिने आमच्याकडे बघितलं, कान मागे घेतले आणि उठली. मग बाकीच्याही उठल्या. पोट जमिनीला टेकवत, मागे बघत बघत ती सगळी गवतात निघून गेली. पिल्लंसुद्धा. मांस तिथेच पडलं होतं आणि वर गिधाडं घिरट्या घालत होती. त्यातलं एकही खाली उतरलं नाही.

"असं करतात का?" मी विचारलं.

लेमाने गिअर टाकला. त्या दिवशी परत येताना तो एकदाही हसला नाही. आरशातून सारखा मागे बघत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी वेगळाच गाइड आला. लेमा आजारी पडलाय म्हणाला. पण मला लेमा कॅम्पच्या स्वयंपाकघरामागे दिसला. खुर्चीत बसून चहा पीत होता. मी हात केला. त्याने कप खाली ठेवला आणि तंबूच्या मागे निघून गेला. नवा गाइड कामापुरतं बोलायचा. त्याने प्रल्हादला सगळ्यात मागच्या सीटवर एकट्याला बसवलं आणि कारण सांगितलं नाही. न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरात रानम्हशींनी आम्हाला बघून पिल्लं आत घेतली आणि शिंगांची भिंत करून उभ्या राहिल्या. गाइडने काही न विचारता जीप वळवली. विमानतळावर आम्हाला सोडताना त्याने अनिकाशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला. प्रल्हादची बॅग जमिनीवर ठेवून तो गाडीत जाऊन बसला.

"उद्धट माणूस," प्रल्हाद म्हणाला. त्याला लागलं होतं.

अ‍ॅशबर्नला आल्यावर मला हायसं वाटलं. तीच टाउनहाउसची रांग, तीच डेटा सेंटरची घरघर जी पाहुण्यांनाच ऐकू येते, तोच आमच्या मागच्या डेकपलीकडचा झाडांचा पट्टा. त्या झाडीत हरणं असतात. सगळ्यांच्या बागा खातात, कोणाला भीत नाहीत. वर्षानुवर्षं आम्ही त्यांना हाकलत आलो.

आता ती खात नव्हती. झाडांच्या कडेला ओळीने उभी राहून आमच्या घराकडे बघायची.

मी इंजिनियर आहे. हरणं का उभी राहतात याची दहा कारणं मी स्वतःला दिली. मग झाडीतल्या ट्रेलवर शेजारच्या बाईंचा लॅब्राडॉर, जो प्रल्हादच्या हातून बिस्किटं खायचा, तो त्याला बघून जमिनीवर सपाट झाला आणि तिथेच त्याने लघवी केली. त्या बाई पूर्वी रोज थांबून गप्पा मारायच्या. त्यांनी कुत्र्याला मागे ओढून पायांशी धरलं आणि म्हणाल्या, "तुम्ही त्याला काय केलंत?"

"काहीच नाही," प्रल्हाद म्हणाला.

"कृपा करून ट्रेलच्या या बाजूला येऊ नका."

तो घरी येऊन सोफ्यावर बसला. मी त्याला चहा दिला. त्याचे हात हातात घेऊन बघितले. गरम होते, नेहमीचेच. खरं सांगायचं तर त्याच्यात काहीच बदललं नव्हतं. तेच फुसके विनोद, तीच वरणावर लिंबू पिळायची पद्धत.

एका शनिवारी मी त्याला म्हटलं, "सगळे पडदे लावून घे. मी वर ऑफिसच्या खोलीत बसते. फोन चालू ठेव आणि मी सांगेन तिथे जा."

"एक्स्परिमेंट करतेस माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही. हरणांवर."

तो तयार झाला. मी वरच्या खिडकीत उभी राहिले. खाली हरणं होती, माद्या आणि त्यांची ठिपक्यांची पाडसं. सगळी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत होती.

"आता गराजमध्ये जा," मी फोनवर म्हटलं.

खालून त्याच्या सपातांचा आवाज आला. हरणांच्या माना डावीकडून उजवीकडे सरकल्या, सावकाश, बंद भिंतीवरून. गराजपाशी थांबल्या.

"आता बेसमेंटमध्ये."

माना परत फिरल्या. मग खाली झुकल्या. हरणं जमिनीकडे, घराच्या पायाकडे बघायला लागली.

"काय दिसतंय?" प्रल्हादने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "वर ये."

गणपतीला आम्ही मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो. शाळेचा मोठा हॉल, स्टेजवर मूर्ती, पुढे सतरंजीवर लहान मुलं बसलेली. कोणीतरी त्यांना गोष्ट सांगत होतं. प्रल्हाद मागच्या दाराने आत आला आणि मुलं गप्प व्हायला लागली. आधी अगदी तान्ही, आयांच्या खांद्यावरची. मग रांगणारी. मग सतरंजीवरची. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. रडलं कोणीच नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मोठ्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनीही वळून बघितलं. एक बाई, जिच्या मुलीला आम्ही बारशाला सोन्याचे मणी दिले होते, पुढे आली आणि मला म्हणाली, "आश्लेषा, प्लीज यार, त्यांना घरी घेऊन जा." प्रल्हादशी ती बोलली नाही. आरतीच्या आधीच आम्ही निघालो.

अनिका गाडीत बसली नाही. पार्किंगमध्ये उभी राहिली. "मी मैत्रिणीकडे जाते."

"बस गाडीत," प्रल्हाद म्हणाला.

"आय नो यू आर बाबा. पण मी नाही बसणार." तिचे दात वाजत होते. "आई, एक तर मी घरी राहीन, नाही तर बाबा."

त्यानंतर अनिका मैत्रिणीकडेच राहिली. मी रोज फोन करायचे, ती रोज तेच सांगायची. शेवटी मीच त्याला म्हटलं की थोडे दिवस जवळच हर्नडनला केदारकडे राहा. केदार त्याचा कॉलेजचा मित्र, एकटाच राहतो.

"माझ्याच घरातून मला काढतेस?"

"थोडे दिवस."

"तुला तरी वाटतं का, की माझ्यात काही आहे?"

मी उत्तर द्यायला हवं होतं, पण तेवढ्यात फ्रिज सुरू झाला आणि मी दचकले. त्याने माझं दचकणं बघितलं. बॅग भरून तो गेला. दार आपटलं नाही त्याने. अगदी हळू लावलं. मी सिंकपाशी उभी होते. पडदे बंद होते, त्यामुळे तो निघाला तेव्हा हरणांनी काय केलं ते मी बघितलं नाही.

अनिका परत आली. घर शांत झालं. ती पुन्हा जेवायला लागली, शॉवरमध्ये गाणी म्हणायला लागली. शेजारच्या बाईंनी मला बघून हात केला. मी केला नाही. रोज संध्याकाळी प्रल्हादचा फोन यायचा. आम्ही दूध, बिलं, अनिकाचा होमवर्क असं बोलायचो. त्याचा आवाज दिवसेंदिवस तुटक होत चालला होता. मीही खिडकीबाहेर बघायचं सोडून दिलं होतं. काही संपलं आहे असं मानायचं ठरवलं की तेवढं करावंच लागतं.

मग एक दिवस मी घरून काम करत होते. ऑफिसच्या खोलीत, खिडकीला पाठ करून. अनिका शाळेत गेली होती. स्वच्छ ऊन पडलं होतं. पाणी प्यायला उठले आणि सहज पडदा बाजूला केला.

हरणं होती. ओळीने, झाडांच्या कडेला.

सवय असेल, मी मनात म्हटलं. रोज बघायची सवय.

ती स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत होती.

टेबलावरचा फोन वाजला. प्रल्हाद होता. मी घेतला.

"आश्लेषा, ऐक ना." त्याचा आवाज हलका होता, किती तरी दिवसांनी. "केदारने आज बहिणीचा कुत्रा सांभाळायला आणलाय. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय. आत्ता, या क्षणी. घोरतोय लेकाचा."

"हो का," मी म्हटलं.

"बाहेर तळ्यावर गेलो होतो सकाळी. बदकं पायापाशी येऊन ब्रेड खाऊन गेली. आधी तुला सांगावंसं वाटलं नाही, म्हटलं खात्री करू. संपलं बघ ते सगळं. मी घरी येऊ?"

खाली माना सरकल्या. स्वयंपाकघरावरून हॉलकडे. सावकाश, सगळ्यांच्या एकदम.

"तू आत्ता केदारकडेच आहेस ना?" मी विचारलं.

"म्हणजे काय? सांगतोय ना, कुत्रा मांडीवर आहे."

हॉलच्या टोकाला आमचा जिना आहे. माना तिथे थांबल्या.

मी ऐकलं. काहीच आवाज नव्हता. पायऱ्या लाकडी आहेत, अनिका मोजे घालून चढली तरी कळतं.

"आश्लेषा? अगं, बोल ना. येऊ का?"

हरणांच्या माना वर व्हायला लागल्या. जरा थांबल्या. आणखी थोड्या वर.

"आश्लेषा?"

आता त्यांची तोंडं सरळ माझ्या खिडकीकडे होती. एक पाडस आईच्या पोटाखाली शिरलं आणि तिथून बघायला लागलं. त्यांचे डोळे मला स्पष्ट दिसत होते, काळे, न लवणारे. मी खिडकीच्या अगदी मधोमध उभी होते.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या खांद्याच्या थोडं मागे बघत होती.