दोराचा एक हिसका

शेवटी दोराला बसले ते हिसके खरे होते, की म्हाताऱ्या हाताला झालेला भास, हे शिवशंकर सरांना कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, नावामागे डॉक्टरेट. पण स्वतःच्या हातावर विश्वास नाही. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहतील, आणि तरी कोपऱ्यावरून परत फिरतील. त्या दिवसातलं बाकी सगळं मात्र त्यांना नीट आठवतं, आणि आठवलं की अजून कानशिलं तापतात.

नव्व्याण्णवचा जानेवारी. सेनगावच्या पुढे, गोरेगावच्या अलीकडे, माळाच्या खोलगटीत एक तलाव आहे. त्याच्या तळाशी कालव्यात पाणी सोडायची मोरी, आणि मोरीवरची लोखंडी झडप त्या साली अडकून बसली होती. खालच्या तांड्यांचा हरभरा माना टाकत होता. झडप मोकळी करायला उतरणार होता उत्तमसिंग राठोड. सरांचा जुना विद्यार्थी, नौदलात बारा वर्षं पाणबुड्याचं काम करून तांड्यावर परतलेला.

"दोर तुमीच धरा, सर," तो आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाला होता. "बाकीच्यांना मोजता येत न्हाई असं न्हाई. पण ते गप्पा हाणत बसतेत."

म्हणून सरांनी सकाळची जीप धरली.

पाठीवर हवेची बाटली. बाटलीत हवा किती उरली ते सांगणारं गेज एका रबरी नळीच्या टोकाला, डाव्या काखेखाली लोंबतं. उत्तमसिंगनं काठावर डोळे मिटून चार वेळा सराव केला: हात मागे, नळी सापडली, पुढे खेचली, गेज थेट मास्कच्या काचेला टेकवलं. त्या गढूळ पाण्यात वीतभर अंतरावरचंही दिसत नाही. दर दहा मिनिटांनी काटा वाचायचा आणि कमरेचा दोर ओढून वर कळवायचं, पन्नासाला एक हिसका. भरलेली बाटली दोनशे, म्हणजे चार. एकच हिसका आला की काही विचार करायचा नाही, ओढून वर घ्यायचं. सरांनी दोरावर दर हातभर अंतराला लाल रंगाची खूण करून आणली होती.

बाटली बंद करून त्यांनी नळीतली हवा सोडून दिली. काटा शून्यावर यायला हवा होता. तो शंभरावर थांबला. सरांनी काचेवर टिचकी मारली तेव्हा दचकल्यासारखा खाली पडला.

"साहेब, हे गेज चालणार नाही," ते बांधावर खुर्ची टाकून बसलेल्या इंजिनियरला म्हणाले. "काटा शंभरावर अडकतो. खाली बाटली रिकामी झाली तरी हा शंभरच दाखवेल."

"टिचकीनं पडला ना? मग खाली पण मारेल टिचकी. रिटायर झालात सर, आता तरी पेपर तपासणं सोडा."

भोवतालचे हसले.

"दुसरं मागवा."

"औरंगाबादहून? आठ दिवस लागतील. हरभऱ्याला सांगा मग, थांब बाबा म्हणून."

तलावाचा म्हातारा चौकीदार सोनाजी काही तरी बोलायला पुढे आला होता. साहेबानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सोनाजी मागे सरला.

"पाणी आमच्याच रानात जाणार हाय, सर," उत्तमसिंग हळूच म्हणाला. "अर्ध्या तासात येतो. तुमी घड्याळ पाहा."

त्याच वेळी सरांनी पाय रोवून नाही म्हणायला हवं होतं. पण नेहमीचा किडा डोक्यात वळवळला: आपलंच चुकत असलं तर? त्यांनी दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं.

उत्तमसिंग गेला त्या जागी थोडा वेळ बुडबुडे आले, मग तेही मोरीच्या भिंतीआड दिसेनासे झाले. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी पाणी उजळत नव्हतं. काठच्या बेशरमाच्या झुडपांतून कुजलेल्या गाळाचा वास येत होता. दोर हातातून सरकत राहिला, चाळीस फुटांवर थांबला.

दहाव्या मिनिटाला तीन हिसके. बरोबर. विसाव्या मिनिटाला दोन. बरोबर. तिसाव्या मिनिटाला पुन्हा दोन.

या हिशेबानं आता एक यायला हवा होता.

"साहेब, मी ओढतोय त्याला."

"हात लावू नका! झडप हलून राहिली आहे. दोन म्हणजे अर्धी बाटली, तुमच्याच हिशेबानं."

दोनच आले होते ना? की तिसरा आपल्याला कळला नाही? की आलाच होता एक, आणि हात थरथरला म्हणून दोन वाटले... सर दोराकडे बघत राहिले. चौतिसाव्या मिनिटाला मनगटाला हिसका बसला.

एक. स्वच्छ. त्यानंतर काही नाही.

सरांनी ओढायला सुरुवात केली. आधी दोर हलेना. सोनाजी धावत आला, दोघांनी अंग टाकलं, तेव्हा कुठे खाली काही तरी सुटलं. उत्तमसिंग वर आला तो ओठ काळेनिळे पडून. काठावर पालथा पडून तो खोकत राहिला. सरांनी बाटलीची तोटी उघडली. फुस्स असा आवाजसुद्धा आला नाही. गेजचा काटा शंभरावर होता.

"टिचकी मारली, सर... हलला न्हाई," उत्तमसिंगला थोड्या वेळानं बोलता आलं. त्यानं कमरेची गाठ सोडून दोर बाजूला टाकला. "श्वास बंद झाला. काहून ओढलं तुमी, तेवढ्यात?"

"तू एक हिसका दिलास म्हणून."

"मी?" तो उठून बसला. "मी कसा देऊ? दोन्ही हात झडपेखाली दबले होते..."

मग सोनाजी पाण्याकडे पाहत म्हणाला, "लखमानं दिला आसंल."

"कोण लखमा?"

"कुरुंद्याचा. विहिरीतला गाळ काढायचा. त्र्याण्णवला हितंच उतरवला त्याला. घंटाभरात शिकवलं अन् हीच बाटली, हेच गेज दिलं. दोन हिसके, दोन हिसके, दोन हिसके... दोनच येत राहिले. मग ओढला तर दोर रिकामा आला. मानूस न्हाई घावला."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?" सर साहेबाकडे वळले. आयुष्यात ते इतक्या मोठ्यानं ओरडले नव्हते. "सहा वर्षं हेच गेज? सहा वर्षं? एक माणूस गिळून झाला तरी तुम्ही..."

साहेब जीपकडे चालू लागला होता.

तेव्हा ते झालं. उत्तमसिंगनं सोडून टाकलेलं दोराचं मोकळं टोक घसरून पाण्यात गेलं होतं. दुसरं टोक अजून सरांच्या मनगटाला होतं. त्याला हिसका बसला.

एक.

उत्तमसिंग समोर बसला होता. सोनाजी बाजूला उभा होता. पाणी हलत नव्हतं.

पुन्हा एक.

एक आला की काही विचार करायचा नाही, ओढायचं. हे सरांनीच घोकलेलं. त्यांनी मनगटाचा वेढा उलगडला आणि हात उघडला. दोर घाई न करता, एकेक लाल खूण दाखवत, पाण्यात गेला.

पुढे त्यांनी वरच्या कचेरीला अकरा पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं: सदर तलावावर अशा कोणत्याही घटनेची नोंद आढळत नाही, गेज सुस्थितीत असून वापरात आहे. तो कागद त्यांनी फाडला नाही. अधूनमधून काढून वाचतात आणि नव्यानं संतापतात. मग रात्रभर वाटत राहतं, हिसके खरंच बसले होते का? बसले असतील, तर आपण काय केलं?

दोन हजार चारच्या मे महिन्यात तलाव तळापर्यंत आटला. उत्तमसिंग सरांना घेऊन गेला. मोरीपाशी भेगाळलेल्या गाळात दोर अर्धा रुतलेला होता. लाल खुणा फिकट झाल्या होत्या, पण सरांच्याच हातच्या. उत्तमसिंगनं तो उकरत उकरत झडपेपर्यंत नेला आणि टोक बाहेर काढलं.

टोकाला माणसाच्या कमरेएवढा वेढा होता.

उत्तमसिंगनं तो स्वतःच्या कमरेपाशी धरून पाहिला. चार बोटं कमी पडत होता.

"ही गाठ माझी न्हाई, सर."

घरचं कुलूप पाहावं तशी सरांनी ती गाठ तीनदा ओढून पाहिली. पक्की होती.