लार्च पॉइंटची टेकडी

"तिथे दफनभूमी कधी नव्हतीच," वीज कंपनीचा साहेब भर सभेत म्हणाला, आणि लोरेन संतापाने उठून बाहेर पडली.

कॅनडातल्या उत्तर मॅनिटोबातलं लार्च पॉइंट हे तिचं गाव. धरणासाठी कंपनीने कोळ्यांना उठवलं आणि घरं जाळली. गाव बुडालं, फक्त टेकडी उरली. तिथे लोरेनची तान्ही बहीण पुरलेली होती. सोमवारी पाणी टेकडीवर चढवणार होते. त्याआधी कबर दाखवली तरच ते थांबणार होतं!

म्हणून कनू, म्हणजे अरुंद होडी, निघाली. पुढे लोरेन, मध्ये विनिपेग शहरातली तिची शेजारीण, निवृत्त शिक्षिका प्रमिलामावशी आणि मागे मावशींचा भाचा ओजस.

पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे टपून होते.

"डावीकडे!" लोरेन ओरडली.

खाड्! "मावशी, पॅडल तुटलं!"

"मग हात आहेत ना? वल्हव!"

अखेर टेकडी आली. शेवाळ खरवडताच दगडावर नाव उमटलं: रोझ. मावशींनी सवयीने पायातले बूट काढून काठाशी ठेवले. ओजसनेही काढले.

"या थंडीत? वेडे आहात का?" लोरेन म्हणाली.

"लेकराच्या कबरीशी बूट घालून कसं उभं राहायचं?" मावशी म्हणाल्या.

 मग लोरेननेही वाकून बूट काढले.

तेवढ्यात पाणी वाढलं. कंपनीने वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. ना भोंगा, ना सूचना! सगळे बूट वाहून गेले. पाण्याने घोटे गाठले.

"नालायक!" ओजसने दगड उपटायला हात घातला. "हाच त्या साहेबाच्या टेबलावर आपटतो!"

"हात काढ!" लोरेन कडाडली. "दगड नेलास, तर इथे खरंच काही उरणार नाही. मग तो खरा ठरेल!"

ओजस थबकला. दगड जागीच राहिला. त्याने फोनवर जागेच्या नोंदीसकट फोटो काढले आणि पाय निळे पडलेले असतानाही तिघं वल्हवत परतले.

फोटो पाहून साहेबाने पाणी चढवण्याचा हुकूम मागे घेतला.

"सॉरी, चूक झाली," तो पुटपुटला.

"सॉरी नको," लोरेन म्हणाली. "तिचं नाव घ्या."

"रोझ," तो हळूच म्हणाला.

"मोठ्याने!" मावशी वर्गातल्या आवाजात गरजल्या. "मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"