हातावरचा कापूर

अष्टमीच्या संध्याकाळी न्हाऊन, ओल्या केसांचा आंबाडा बांधून मैना माजघराच्या दारात आली आणि आरतीचं ताट हातात घेऊन तिथंच थबकली... कारण तिची सासू शेवंताबाई, जिनं लग्न होऊन आल्यापासून मैनेच्या भाकरीचा गोलावासुद्धा कधी मान्य केला नव्हता, ती आज आपलं पांढरं डोकं चक्क धाकट्या सुनेच्या पायांवर ठेवून स्फुंदत होती!

"माय व, चुकलं माह्यं! पदरात घे व माय!"

घटाशेजारी पाटावर धाकटी बसली होती. साधना. केस मोकळे, कपाळभर कुंकू, डोळे अर्धे मिटलेले, आणि अंग लाटेसारखं मागंपुढं हेलावणारं. मांदराचा ढोल घुमत होता, बाया देवीचं जस गात होत्या, आणि घटातले गव्हाचे जवारे, जे मैनेनंच पेरले होते, ओंजळीनं पाणी शिंपून वाढवले होते, ते जणू त्या पोरीपुढंच माना डोलावत होते.

पंचमीपासून मैना गोठ्यालगतच्या खोलीत बाजूला बसली होती. महिन्याचा तो शाप नेमका नवरात्रातच यायचा, आणि तो आला म्हणजे यंदाही कूस उजवली नाही, ही वार्ता साऱ्या आळीला न सांगता कळायची. त्या खोलीत तिनं "माय आली! माय आली!" असा कल्लोळ ऐकला होता. पण माय आली कुणाच्या अंगात, बोलली काय, हे भाकर सरकवून जाणाऱ्या शेजारच्या विमलाबाईला शंभरदा विचारलं, तरी ती नुसती मान फिरवायची.

आणि आता हे! वर्षभर नांगर ओढला कुणी, आणि पोळ्याला झूल कुणाच्या पाठीवर!

मैनेचा देवाशी व्यवहार चोख होता. सोमवार, चतुर्थी, हरतालिका... निर्जळीत कधी थुंकीसुद्धा गिळली नाही. देव पाहतो, मांडून ठेवतो, एक दिवस भरभरून हात मोकळा करील, या भरवशावर ती जगत आली होती. देव काहून मानतेस, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "नाही मानला तं मंग माह्याजवळ राह्यलं काय?" पण सरकारनं नुकतेच आणे मोडून नवे पैसे काढले होते, तसंच देवाघरचं चलनही बदललं असावं. तिचे आणे तिच्याच पदरात पडून राहिले, आणि नवे पैसे धाकटीच्या ओटीत!

तेही कुणाच्या? जिच्या माहेरी, तुमसरला, देव्हाराच नव्हता त्या साधनेच्या! बाप तेजराम गुरुजी, शाळामास्तर. 'जे तपासता येतं ते खरं' असं पोरीला शिकवलेलं. लग्न होऊन आली तशी साधना उपास करीत नव्हती, नवस बोलत नव्हती. उन्हाळ्यात मोहफुलं निवडताना एकदा म्हणाली होती, "ताई, देव असता तं तुमच्यासारखीची ओटी त्यानं रिकामी ठेवली असती काय? म्हून मी नाही मानत." साऱ्या वाक्यातला 'रिकामी' एवढाच शब्द मैनेच्या काळजात रुतला होता. मत्सर असाच असतो... पंक्तीत सगळ्यांना वाढलेलं दिसत नाही, आपल्या पानातलं न वाढलेलंच दिसतं!

मैनेनं ताट खाली ठेवलं. आणि मग स्वतःचाच आवाज तिला परक्यासारखा ऐकू आला.

"आत्याबाई, आजेसासूच्या वक्ताची रीत इसरल्या काय? माय आली का तिच्या हातावर कापूर पेटवत होते. खरी असन तं हात हालत नाही."

मांदर थांबला. शेवंताबाईनं वर पाहिलं. "काहून व मैना? मायची परीक्षा?"

"माय असन तं तिले कायचं भेव?"

साधनेचे डोळे क्षणभर पूर्ण उघडले. ती मैनेकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. काहीतरी विनवणी होती, पण मैनेनं ती पकडलेल्या चोराची म्हणून वाचली आणि तिला आसुरी समाधान झालं! इतक्यात साधनेची नजर दाराकडे गेली आणि गोठलीच. लेकीला दसऱ्यासाठी माहेरी न्यायला आलेले तेजराम गुरुजी, एका हातात छत्री, एका हातात पिशवी, उंबऱ्याबाहेर उभे होते.

बरं झालं, मैनेला वाटलं. बापालाही दिसू दे लेकीचं सोंग!

साधनेनं उजवा हात पुढं केला.

कापराची वडी पेटली. निळसर ज्योत उभी राहिली आणि तळहातावर पसरली. बाया जीव तोडून जस गाऊ लागल्या. साधनेचं हेलावणं थांबलं, ओठ दातांखाली गेला, ओठातून रक्ताचा थेंब आला... पण हात? हात हालला नाही!

"साधना!" गुरुजी ओरडले. "बाळ, हात झटक! कुणाला घाबरतेस? झटक म्हणतो ना!"

तिच्या गालांवरून दोन धारा वाहिल्या. हात तसाच राहिला. ज्योत आपणहून विझली तेव्हा माजघरात जळाल्याचा वास होता आणि शेवंताबाई जमिनीवर लोळण घेत होती, "खरी व माय, खरी!"

गुरुजींनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली. "या घरात मी माझी मुलगी दिली होती," ते सावकाश म्हणाले. "ही कोण आहे, मी ओळखत नाही." पाण्याचा घोटही न घेता ते निघून गेले. तुमसरची बस आता सकाळीच होती. ते शाळेच्या ओसरीवर आडवे झाले म्हणे.

मैनेला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण उलटंच झालं. आता तर सिद्धच झालं होतं, की माय धाकटीचीच! तिच्या मनाची अशी होळी झाली, की त्यापुढं तो कापूर शीतळ म्हणावा.

नवमीला जेवायला सासूचा भाऊ आला. लालबर्ऱ्याचा दुलीचंद मामा, मिशीला तेल आणि जिभेला धार. अंगणात मैना त्याच्या हातावर पाणी घालीत होती.

"खुश असशीन तू तं," तो गुरगुरला. "तुही सवत टळली ना!"

"कोनाची सवत, मामाजी?"

"घ्या! इले पत्ताच नाही! अवं, तुह्या नवऱ्यासाठी, टिकारामासाठी, मी पोरगी पाहून ठेवली होती. दिवाळी झाली का बार उडवून देणार होतो. तुह्यी सासू राजी, पोरीवाले राजी. टिकाराम तं काय, आपल्या मायपुढं तोंडच नाही उघडत. अन् पंचमीले ह्या धाकटीच्या अंगात येऊन माय बोलली, 'मोठीच्या उंबऱ्यावरून दुसरी आणशीन तं ह्या घरात दिवा लागणार नाही!' झालं! शेवंता भेली. पण मी नाही भेत. आज जवारे बोळवाले तलावावर आले का मूठभर कापूर ठेवतो तिच्या हातावर. काल एक वडी सोसली, आज पाहू. हालला हात, का माय खोटी अन् बोल खोटा. तू काहून रडते? तुह्ये दोन घास कोनी बंद करून नाही राह्यलं!"

लोटा कधी गळून पडला, मैनेला कळलं नाही.

साधना गोठ्यामागं रांजणात हात बुडवून बसली होती. तळहातावर टपोरे फोड आले होते. मैना तिच्यापुढं कोसळलीच.

"काहून व? काहून केलं असं? मले सांगाचं नाही काय?"

"तुम्हाले?" साधना त्या वेदनेतही हसली. "मायच्या नावानं खोटं म्हटलं असतं तं तुम्हीच पहिले जाऊन आत्याबाईले सांगितलं असतं. पाप लागते म्हून!"

ते खरं होतं, म्हणूनच मैनेला अधिक रडू आलं.

"मी साधना म्हून बोलली असती तं थोतरीत बसली असती, ताई. माय म्हून बोलली तं पाय धरले त्याइनं. ह्या घरात बाईचं आयकाचं असन तं पहिले तिले देवी व्हा लागते."

"अन् तुहे बाबा? त्याइले तं सांग!"

हसू मावळलं. "बाबाइले खोटं चालत नाही. ते सर्व्यायसमोर खरं बोलतीन, अन् मंग तुमची सवत येईन. जाऊ द्या. एक लेक गेली म्हणतीन ते, दुसरं काय..." ती फोडांकडे बघत राहिली. "देव असता तं त्यानंच केलं असतं ना, ताई. तो नाही, म्हून मले करा लागलं."

जिला आपण जळून जळून शाप दिले, ती आपल्यासाठी खरीखुरी जळत होती! आणि ज्योत पेटवायला सांगणारी जीभ कुणाची?

दुपार कलताना जवारे तलावात बोळवायला निघाले. डोक्यांवर घट घेतलेल्या बायांची रांग तलावाच्या पाळीवर आली. तिथंच बस थांबायची, आणि सकाळची बस पंक्चर होऊन कटंगीलाच अडकल्यानं गुरुजी चिंचेखाली छत्री टेकवून, पाठ फिरवून उभे होते. साधना मोकळ्या केसांनी पुढं चालली होती, उजवा हात पदरात गुंडाळलेला, अंगात फणफणता ताप. दुलीचंद आडवा आला. मुठीत कापूर.

"माय! जाता जाता एक डाव अजून परचिती दे!"

साधनेनं पदर सोडवायला घेतला. आज तो हात टिकणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं, मैनेलाही ठाऊक होतं.

मैनेनं डोक्यावरचा घट खाली ठेवला.

साधनेचं खोटं स्वस्त होतं, कारण तिला देवच नव्हता. मैनेचं खोटं महाग होतं! जिच्यासाठी जन्मभर निर्जळीत थुंकी गिळली नाही, तिच्याच नावानं, तिच्याच जवाऱ्यांसमोर लबाडी करायची... सारे सोमवार, साऱ्या हरतालिका एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात एक भाजलेला तळहात. क्षणभर ती उभी राहिली. "माय, मले नरकात टाक," ती पुटपुटली, आणि तिनं आंबाडा सोडला.

"शेवंताऽऽ!"

तो आवाज ऐकून तलावावरचे बगळे उडाले. सासूनं सुनेच्या तोंडून आपलं नाव ऐकलं आणि जागच्या जागी हात जोडले.

"ह्या पोरीले सोडलं मी आता! हे मले मानतच नाही, इच्या अंगात राहून मी काय करू? आजपासून मी मोठीजवळ! दुलीचंद, पाह्यतो काय? आण तो कापूर!"

तिनं त्याच्या मुठीतला कापूर हिसकावला, डाव्या तळहातावर ओतला आणि आरतीच्या ज्योतीवर धरला. आग भडकली. मैनेच्या डोळ्यांपुढं काळोख आला, पण हात तसाच आभाळाकडं उचललेला...

"बस माय! बस!" गर्दी फोडून टिकाराम धावला. आईपुढं कधी तोंड न उघडलेला तो गडी लहान पोरासारखा रडत होता. त्यानं उपरण्यानं ती आग झटकून टाकली. "नाही आणत दुसरी! कोनी म्हटलं तरी नाही आणत! मामा, जा तुम्ही आपल्या गावाले!"

मैना मात्र अजून थांबली नव्हती. ती चिंचेकडं वळली.

"मास्तर! अवघ्या दुनियेची पाटी तपासता, अन् लेकीचा हात नाही तपासला? इचारा तिले, काहून जळला!"

गुरुजी वळले. हळूहळू लेकीजवळ आले, पदराची गुंडाळी सोडवली. साधनेनं त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. थोडंच, हुंदक्यांत तुटलेलं. गुरुजींनी चष्मा काढला. कितीतरी वेळ तो परत घातलाच नाही. मग तिथंच पाळीवर बसून आपला पंचा ओला करून ते त्या फोडांवर धरू लागले, जणू ती पुन्हा तान्ही झाली होती!

शेवंताबाईचं पांढरं डोकं मैनेच्या पायांवर होतं. ज्या क्षणासाठी ती संसारभर झुरली, तो हाच! आणि मैनेचं लक्ष कुठं? त्या ओल्या पंच्याकडं. आपल्याला असा बाप असता तर... अशी एक बारीक कळ तिच्या काळजात उठलीच. स्वभाव का एका दिवसात जळतो?

सासू उठली आणि तिथं दुसरं कुणी वाकलं. साधना! जिनं कधी देवापुढं, दगडापुढं मान लववली नव्हती, तिनं मैनेच्या धुळीनं भरलेल्या पायांवर कपाळ टेकलं.

दसऱ्याला, माहेरी निघायच्या आधी, साधना मैनेच्या हाताला तूप लावीत बसली होती. डाव्या हाताला उजवा नव्हता आणि उजव्याला डावा. दोघींची मिळून एक धड बाई होत होती.

"ताई, खरं सांगा. सोंगच होतं ना ते? माह्यासारखं?"

केस सोडले तेव्हा ते सोंगच होतं, एवढं मैनेला पक्कं आठवत होतं. पण 'शेवंताऽऽ' असा तो आवाज... तो आपल्या गळ्यात आधी कधी होता, हे तिला काही केल्या आठवेना.

"हात तं माह्याही पोळला व," ती शेवटी म्हणाली.

"मंग? बोलली कोन?"

मैनेनं भाजलेला हात हळूच सोडवून घेतला आणि जावेच्या गालाला चिमटा काढला.

"तुले काय कराचं आहे? तू तं मानत नाहीस!"