‘पुट अप विथ’चं उदाहरण

मटारची परात बाजूला सारून कल्याणीने मैत्रेयीच्या कपाळावर स्मरणपट्टी चिकटवली. शाळेने यंदा चौथीपासून पट्ट्या दिल्या होत्या. इंग्रजी वाक्प्रयोगाचा अर्थ पट्टी सांगत नसे. मुलाच्याच आठवणींत त्या अर्थाचा अनुभव हुडकून शब्द त्याला बांधून टाकी. गाठ बसली की हिरवा दिवा. बसलेली गाठ सुटत नाही, दर उजळणीला तो अनुभव तितकाच ताजा होतो, असं माहितीपत्रकात अभिमानाने छापलं होतं.

‘कम अक्रॉस’ चटकन बसलं. माळ्यावर अवचित सापडलेला भोवरा.

“आता ‘पुट अप विथ’,” कल्याणी म्हणाली. “नावडती गोष्ट निमूट सोसत राहणं. डास आठव. नाहीतर ते दातांचे डॉक्टर.”

“मी नाही गं आठवायचं, पट्टीच शोधते.”

मैत्रेयीने डोळे मिटले. खालचा ओठ जरासा थरथरला. दिवा हिरवा झाला.

“सापडलं? कारल्याची भाजी ना?” कल्याणी हसली.

“नाही. तू.”

“मी?”

“शाळेतून आले की मला तुला काहीतरी सांगायचं असतं. आणि तू असं करतेस.” मैत्रेयीने ओठांवर बोट ठेवलं, बाळाच्या झोळीकडे पाहिलं. “मी रागावले नाहीये हं. बाळ उठतं ना. मी मोठी आहे.”

‘मोठी ना तू, समजून घे’ हे कल्याणीचंच वाक्य होतं.

“काय सांगायचं असतं गं तुला?”

“आता नाही आठवत.”

“थांब. दुसरं उदाहरण घ्यायला लावू पट्टीला.”

“ती सगळ्यात घट्ट असेल तेच घेते. बाई म्हणाल्यात. आणि परीक्षेपर्यंत रोज उजळणी करायचीय.”

कल्याणीने लेकीला जवळ ओढलं. “बरं, आजचं सांग. काहीही. मी ऐकतेय, बघ.”

मैत्रेयीचा चेहरा उजळला. “अगं आई, आज ना वर्गात, त्या तन्मयने काय केलं माहितीये—”

आवाज चढला. झोळी हलली, बाळ कुरकुरलं.

कल्याणीला कळायच्या आत तिचं बोट ओठांवर गेलं होतं.

पट्टीवरचा दिवा आपसूक लुकलुकला. हिरवा.

“आई,” मैत्रेयी अगदी हळू, बाळ उठू नये अशा आवाजात म्हणाली, “आता हे मी कधीच विसरणार नाही ना?”