एकतीस नंबरची क्लीटा

बसा, त्या घडीच्या खुर्चीत बसा. बटणला घाबरू नका, माझा कुत्रा तो, नुसता हुंगतो. दिवा जरा इकडे सरकवा म्हणजे किडे तुमच्या कॉफीत पडणार नाहीत. हां. आता सांगते.

बटणचं वजन करायला गेले होते, एवढंच काम होतं. फेब्रुवारीचा महिना, ऊन कसं कोवळं. नवरा गेल्यावर मिनेसोटातलं घर विकून मी ही आरव्ही, हे चाकांवरचं घर, घेतलं, त्याला तेव्हा चौथा हिवाळा चालू होता. एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवलेली, तेव्हा गाडीच्या लांबीची भीती नव्हती. थंडी पडली की मी आणि बटण अ‍ॅरिझोनात खाली उतरायचो, आमच्या ठरलेल्या ‘ड्राय वेल’ पार्कात. ड्राय वेल, म्हणजे कोरडी विहीर. नावात सगळं आलं. वाळू, निवडुंग, चाळीसेक गाड्या आणि आमच्यासारखी पिकलेली डोकी.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बटणला काट्यावर ठेवलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“नेल्डा, मागच्या वेळी छत्तीस पौंड होता. आज अडतीस. याला उपाशी ठेवायला सांगितलं होतं की पाहुणचार करायला?”

“अहो, तीन आठवडे उकडलेल्या शेंगांवर आहे तो! मी स्वतःच्या हातानं मोजून घालते.”

“मग दुसरं कोणीतरी घालतंय. हे बघ, याचं हृदय दमलंय. आणखी तीनचार पौंड वाढला, तर पुढचा हिवाळा हा बघायचा नाही.”

परतीच्या वाटेवर बटण शेजारच्या सीटवर बसून ढेकर देत होता. आणि त्या ढेकराला, शपथेवर सांगते, बेकनचा वास होता.

आमच्या पार्कात बेकन म्हणजे हार्लन. माझा शेजारी, आयुष्यभर विहिरी खणलेला माणूस. रोज सकाळी गाडीबाहेर तवा मांडून बेकन परतायचा. मी तशीच त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

“हार्लन, खरं सांग. तू याला खायला घालतोस ना?”

“मी? अगं, माझं मलाच पुरत नाही.”

“मग याच्या मिशांना वास कसला येतोय?”

“नीट हुंग. तुझ्या मिशांना येत असेल.”

एरवी मी हसले असते. त्या दिवशी नाही हसले. “हा मेला तर तुझ्या त्या तव्यानं तुझं डोकं फोडीन,” असं म्हणून मी निघून आले, आणि अकरा दिवस त्याच्याशी बोलले नाही. शनिवारी सगळे आपापलं भांडं घेऊन एकत्र जेवायला जमतात, तिथंही मी माझं चिलीचं, त्या तिखट राजम्याच्या रश्शाचं, पातेलं घेऊन पार दुसऱ्या टोकाला बसले. त्यानं लांबून मक्याच्या पावाचा तुकडा उंच धरून दाखवला. मी मान फिरवली. खरं सांगायचं तर मलाच करमत नव्हतं. पत्त्यांत लबाडी करणारं माणूस समोर नसेल तर जिंकण्यात काय मजा?

मग माझ्या लक्षात आलं की बटण रोज चारच्या सुमारास गायब होतो. म्हणून एके दिवशी मी पायातले बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर त्याच्या मागे गेले. अडुसष्टाव्या वर्षी हेरगिरी!

तो हार्लनच्या गाडीकडे वळलासुद्धा नाही. गोल पोट हलवत सरळ पार्कच्या शेवटच्या टोकाला गेला. एकतीस नंबर. तिथं गाडी नव्हती. सिमेंटचा चौथरा, विजेचा खांब, आणि पाठीमागे पंचवीस हात खोल, कोरड्या ओढ्याचा कडा. बटण चौथऱ्याच्या कडेला बसला, वर बघितलं आणि तोंड उघडलं.

आणि चावायला लागला.

भर उन्हात मी स्वच्छ बघत होते. समोर काही नव्हतं. तरी त्याचा जबडा हलत होता, तो गिळत होता, परत वर बघत होता. मग त्यानं डोळे मिटले आणि मान एका बाजूला कलती केली, कुणी कानामागे खाजवलं की करतो तशी. वारा अजिबात नव्हता... आणि त्याच्या कानामागची लव दबत होती, उठत होती... दबत होती, उठत होती.

मोज्यातल्या मोज्यात माझे पाय गार पडले.

पार्क सांभाळणाऱ्या ओपलला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “एकतीस नंबर रिकामाच का ठेवतेस गं?”

“मी कुठं ठेवते? लोक येतात की. आठवड्याच्या आत दुसरी जागा मागतात. म्हणतात, शेजारीण फार बडबड करते.”

“तिथं शेजार कुठाय?”

“तेच मी त्यांना सांगते!” ओपल खो खो हसली. मग चाव्यांचा जुडगा खाली ठेवून म्हणाली, “क्लीटाची जागा ती. एकोणीस वर्षं राहिली. पार्कातलं एकूण एक कुत्रं तिच्या दारात असायचं. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तिचा ट्रेलर ओढून नेला तेव्हा आठ कुत्री फाटकापर्यंत मागे गेली होती, मी बघितलंय.”

त्या दिवसापासून मी चार वाजता बटणला आत कोंडायला लागले. दार ओरबाडून काढलं त्यानं.

मार्चमध्ये वादळ आलं. दुपारचे सव्वाचार. मी धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालत होते. खिडकीतून बघते तर वाळवंटाच्या कडेला तपकिरी भिंत उभी, आभाळाइतकी उंच, आणि चालत येणारी. मी गाडीकडे धावले. दाराची जाळी फाडलेली होती. बटण नव्हता.

दुसरा कोणताच विचार डोक्यात आला नाही. शेवटच्या टोकाकडे पळत सुटले. अर्ध्या वाटेत धूळ माझ्यावर कोसळली. उजेड आधी पिवळा झाला, मग तांबडा, मग गेलाच. भरदुपारी माझा हात मला दिसेना. दातांत वाळू, नाकात वाळू. “बटण! बटण!” ओरडत राहिले. कुठूनतरी भुंकणं आलं, मी तिकडे वळले. मग दुसरीकडून आलं. किती पावलं टाकली, कोण जाणे. एवढंच आठवलं की पुढे कुठंतरी तो कडा आहे... पुढचं पाऊल टाकलं आणि पायाखालचे खडे घरंगळले. ते खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

तेवढ्यात कुणीतरी माझं कोपर धरलं.

लहानसा हात. सुकलेला, हाडकुळा, पण पकड अशी की मी मुकाट्यानं मागे फिरले. जाळीचं दार कुरकुरलं. वारा एकदम थांबला, नळ बंद करावा तसा. आणि अगदी कानाशी, बाईचा आवाज...

“पाय पुस आधी.”

मी पुसले. काय करणार! पायाखाली काथ्याचं पायपुसणं लागत होतं. मला बसवलं गेलं. डोळ्यांपुढे अजून काळोखच होता, पण साबणाचा वास येत होता, आणि तव्यावर चरचर चाललेली. पायाशी बटणचं शेपूट जमिनीवर आपटत होतं. थप, थप, थप. मग मचमच खाण्याचा आवाज.

मी बोलले. माझं कुत्रं होतं ते.

“क्लीटाबाई...?”

“हं.”

“त्याला... खायला घालू नका हो. त्याचं हृदय दमलंय. डॉक्टर म्हणतात... फार दिवस नाही काढायचा.”

तव्यावरची चरचर थांबली. मग तो आवाज पुन्हा आला, पण आता म्हातारा, ओशाळलेला.

“मला कुणी सांगितलंच नाही गं...”

भीती म्हणाल तर होती. अंगावरचा काटा बसत नव्हता. पण त्या क्षणी मला तिची कीव आली, तेही खरं.

“नेल्डाऽऽ!” लांबून हार्लनची हाक आली. डोळे उघडले तर उजेड परतलेला. मी उघड्या चौथऱ्यावर बसले होते, बटण मांडीवर. हार्लननं कमरेला दोर बांधला होता, दुसरं टोक स्वतःच्या गाडीला, आणि मधला दोर वाटेतल्या विजेच्या खांबांना गुंडाळत गुंडाळत तो माझ्यापर्यंत पोचला होता. डोक्यापासून पायापर्यंत विटेसारखा लाल.

“अकरा दिवस बोलत नाहीस, आणि मरायला एकटीच निघतेस?” तो ओरडला. त्याचे डोळे वाहत होते. धुळीनं, असं तो म्हणतो. मग तो माझ्याकडे बघतच राहिला.

सगळ्या पार्कावर बोटभर धूळ बसली होती. गाड्यांवर, खुर्च्यांवर, चौथऱ्यावर. माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर कणसुद्धा नव्हता. बटणची लव विंचरलेली होती, मधोमध भांग पाडून.

“हार्लन,” मी म्हटलं, “बेकन तू घालत नव्हतास.”

“तेच सांगत होतो, बाई.”

“आणि मिशांचं?”

“ते मागे घेणार नाही.” आणि आम्ही दोघं त्या धुळीत बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

महिनाभरात बटण बत्तीस पौंडांवर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काय केलंस?” मी म्हटलं, “खायला घालणाऱ्यांना समजावून सांगितलं.” चार वाजता तो जायचा तसा जातच होता. फक्त आता परत आला की त्याच्या तोंडाला वास नसायचा, आणि भांग मात्र रोज नीट पाडलेला असायचा.

एप्रिलमध्ये ऊन तापायला लागलं तशी आम्ही उत्तरेकडे निघायची तयारी केली. हार्लनची गाडी पुढे, माझी मागे. निघायच्या सकाळी मी ताटलीत मक्याचा पाव घेतला आणि एकतीस नंबरच्या चौथऱ्यावर ठेवला. मोठ्यानं म्हटलं, “तुमचे उपकार झाले, क्लीटाबाई. येते मी. तुम्हीही या कधी आमच्याकडे.”

तोंडवळणी पडलेलं बोलणं. कुणाकडून निघताना आपण म्हणतोच ना? हार्लन हसून हसून वाकला. “म्हातारे, भुताला आवतण देतेस?”

तीन दिवसांनी, युटामध्ये, एका तळ्याकाठी थांबलो होतो. भर दुपार. हार्लन समोर पाण्यात गळ टाकून बसलेला, मला खिडकीतून दिसत होता. बटण पलंगावर घोरत होता. मी कांदा चिरत होते. दार आतून लावलेलं होतं.

आरव्हीत राहणाऱ्याला एक गोष्ट न बघता कळते. पायरीवर कुणी पाय ठेवला की सगळं घर त्या बाजूला जरासं कलतं, फळीवरचे कप किणकिणतात. माणूस उतरलं की घर परत सरळ होतं.

त्या दुपारी कप किणकिणले. घर दाराच्या बाजूला कललं. मी सुरी हातात धरून वाट बघत राहिले, आता सरळ होईल, मग होईल.

याला पाच महिने झाले. हार्लननं चारदा खालून टेकू लावून घर समपातळीत आणून दिलं, वर मला वेड्यात काढलं. पण ते काही राहत नाही. सकाळी ते शेगडीच्या बाजूला कलतं. दुपारी चारला, बटणच्या टोपलीकडे. आणि रात्री, दिवा मालवून मी आडवी झाले की, हळूच, माझ्या पलंगाच्या पायथ्याकडे.