पहिला घास

दार उघडलंच नाही.

म्हणजे बघा, मागचं दार धप्पकन बंद झालं, आता पुढचं उघडायला हवं होतं, आणि उघडायचं सोडून त्याच्यावरच्या स्क्रीनवर लाल आकडा आला. आठशे! मैथिली बाबर त्या आकड्याकडे बघतच राहिली. आकडा शंभरच्या खाली उतरल्याशिवाय पुढचं दार हलत नाही. आणि मागचं आता संध्याकाळपर्यंत उघडणारच नव्हतं, कारण आत किरणोत्सारी फ्लोरिन बनवणारा सायक्लोट्रॉन सुरू झाला होता.

साताऱ्याबाहेरच्या माळावर त्यांचं ते संशोधन केंद्र. दोन दारांमधल्या या चिंचोळ्या जागेला तिथले सगळे अडसरखोली म्हणायचे. शिशाच्या भिंती, पुढच्या दाराला लागून एक बाकडं, दुसऱ्या टोकाला पडद्याआड संडास. पुढच्या दारातच किरणमोजा बसवलेला. तो माणसं मोजत नाही, खोलीत जेवढे किरण असतील तेवढे मोजतो. मोबाइल बाहेर डब्यात. एक लाल मूठ होती भिंतीवर. ती ओढली की सगळी दारं उघडतात, पण सायक्लोट्रॉनही बंद पडतो, आणि गावातल्या हॉस्पिटलात तीन पेशंट उपाशीपोटी आजच्या औषधाची वाट बघत बसलेले.

"आठशे?" केंद्राचे प्रमुख डॉ. मुजावर गुडघे धरत बाकड्यावर टेकले. "सकाळी सकाळी या यंत्राला कुणी शिवी दिली काय?"

"सर, माझ्यामुळं असणार. चव मी घेतलीय ना."

चव म्हणजे काय, तर हे लोक मागरेणू बनवायचे. औषधासारखा रेणू, त्याला किरणोत्सारी फ्लोरिनचं शेपूट. शिरेत टोचला की तो अंगभर फिरतो आणि त्याचा स्वतःचा ग्राही, म्हणजे पेशीवरची त्याला धरून ठेवणारी खुंटी, जिथे असेल तिथेच जाऊन बसतो, मग कॅमेऱ्याला ती जागा लखलखीत दिसते. कुठला मेंदूतल्या ग्राहींसाठी, कुठला कॅन्सरच्या. आजचा सतरा नंबरचा मागरेणू स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी होता. गाठ दुखायच्या वर्षभर आधी तिला गाठणारा! निरोगी माणसात हा ग्राही नसतोच, त्यामुळे बिचारा मागरेणू फिरफिर फिरतो आणि लघवीवाटे निघून जातो.

आणि नवा मागरेणू पेशंटला द्यायच्या आधी केंद्रातल्या एकानं टोचून घ्यायचा, हा मुजावर सरांचा रिवाज. कुठल्याही कागदावर नसलेला. त्यांचे अब्बा लग्नात बिर्याणीची डेग लावायचे. पहिला घास स्वतः खाल्ल्याशिवाय त्यांनी कधी पंगत बसू दिली नाही. म्हणून इथेही बीकरमध्ये चार चिठ्ठ्या, ज्याचं नाव निघेल त्याला इंजेक्शन. ते देणार सरच. आणि चव घेतलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा दुसरा नियम. सोबतीलाही नेहमी सरच.

आज चिठ्ठी मैथिलीची निघाली होती. टोचून दीड तास झाला, तांब्याभर पाणी पिऊन झालं, आणि तरी आठशे?

"मागरेणूला वाटा किती?" सरांनी तोंडी परीक्षेत विचारावं तसं विचारलं.

"दोन. एक तर लघवीतून बाहेर. नाहीतर आतच विझत जायचं, दर एकशे दहा मिनिटांनी निम्मं."

"मग पाणी पी आणि पहिल्या वाटेला लाव त्याला."

मैथिली अख्खी बाटली प्यायली, पडद्याआड जाऊन आली. अकराव्या मिनिटाला आकडा सातशे सेहेचाळीस. तिनं पेननं मनगटावर लिहून ठेवला. दुसरी बाटली, पुन्हा पडदा. बाविसाव्या मिनिटाला सहाशे शहाण्णव. मग सरांनीही बसल्या बसल्या एक बाटली संपवली; आत शिरायच्या आधीही ते दोनदा लघवीला जाऊन आले होते.

"तुमचं काय जातंय त्यात, सर?"

"वयानुसार जातं गं ते."

ती हसली. सर हसले नाहीत.

तेहेतिसाव्या मिनिटाला साडेसहाशे. तिनं मनगटावरचा हिशोब केला, पुन्हा केला, आणि ती सरांकडे वळली.

"सर, हे नुसतं एकशे दहा मिनिटांचं घड्याळ आहे. आकडा फक्त विझण्यानं उतरतोय. बाहेर एक थेंब जात नाहीये."

"यंत्र बिघडलं असेल."

"बिघडलेलं यंत्र अर्धायुष्य पाळत नाही, सर."

मैथिलीला भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. बाहेर जात नाही म्हणजे अडकलाय, अडकलाय म्हणजे ग्राही आहे, ग्राही आहे म्हणजे... सत्तावीस वर्षांची होती ती! गेल्या महिन्यात मिसळ खाऊन पोट दुखलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, तिखट कमी खा. तिखटच होतं ना ते? एक दार सायक्लोट्रॉननं बंद, दुसरं दार आकड्यानं बंद, आणि आता स्वतःचं अंगही बंद खोलीसारखं. त्यातून कुठे पळणार?

"मला बघायचंय कुठं अडकलंय ते," ती ताडकन उठली. "मोज्याला पोट लावते. आकडा उसळला की कळेल."

"राहू दे, मैथिली."

"आणि तुम्ही तिकडं मागं जाऊन बसा. उगाच माझे किरण खाताय इतका वेळ."

"माझे गुडघे..."

"सर, उठा! एवढं तरी ऐका माझं!"

ती पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली होती. सर हळूहळू उठले आणि भिंत धरत पार पडद्यापाशी गेले. मैथिलीनं डोळे मिटले, किरणमोज्याला पोट टेकवलं, आणि श्वास धरला.

खट्.

हिरवा दिवा लागला. दार उघडलं. बाहेरचं ऊन थेट तिच्या पायांवर!

तिनं स्क्रीनकडे बघितलं. बहात्तर.

बिघडलंच की यंत्र, असं ती म्हणणार होती. पण त्याआधीच डोक्यात गणित सुटलं होतं. लांब गेलं की किरण अंतराच्या वर्गानं कमी होतात. मोज्यापासून बाकडं जेवढं लांब, त्याच्या तिप्पट लांब संडासाचा पडदा. तिप्पट लांब, म्हणजे नववा भाग. साडेसहाशेचा नववा भाग बहात्तर. ती जवळ आली होती आणि आकडा उतरला होता. लांब गेलं होतं कोण?

"मला काय टोचलं होतं, सर?"

"मिठाचं पाणी."

"आणि आधीच्या सोळा वेळा? बाकीच्यांना?"

"मिठाचंच. चार चिठ्ठ्यांत तुमचीच नावं, पण सिरिंज भरणारा मी. खरी मी मलाच टोचायचो." सर पडद्याशेजारच्या भिंतीला टेकून उभे होते. "दुसऱ्यांच्या पोरांना चव घ्यायला लावू होय? अब्बांनी डेगेपाशी मला कधी पुढं केलं नाही. आणि सोबतीला मीच असायचो, त्यामुळं मोज्यालाही कधी कळलं नाही."

"म्हणजे आठशे दिसले तेव्हाच तुम्हाला..."

"तेव्हाच. पण तू इतकी घाबरशील असं वाटलं नव्हतं. आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. माफ कर." ते एक पाऊल पुढे आले. आकडा चढला, दार किंचित मिटायला लागलं. ते मागे सरले, दार थांबलं. "बघ, मला नाही सोडत. तू जा. सतरा नंबर चालतो म्हणावं सगळ्यांना."

मैथिली उंबऱ्यावर उभी. एक पाय उन्हात.

"सर, तुम्हाला कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही."

"मग वर्षभर आधीच सापडलंय. काढता येतं अजून!" तिचा आवाज फुटला. "तुम्ही सिरिंजमध्ये लबाडी केली नसती तर आज मी चव घेतली असती, आकडा उतरला असता, आपण दोघं चहा प्यायला गेलो असतो. आणि तुमचं कुणालाच कळलं नसतं."

सर चष्मा काढून पुसत राहिले.

तिनं उन्हातला पाय आत घेतला. त्यांच्यापाशी जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना बाकड्यापर्यंत आणलं. आकडा सरसर चढला, दार मिटलं, पुन्हा लाल.

"वेडी आहेस का तू? अजून पाच तास आहेत!"

"तीन मिनिटं कमी." मैथिली त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं पेनचं टोपण काढलं. "चव घेतलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. नियम तुमचाच आहे, सर."