कुंभारणीचं दार

क्वांगजूच्या बाजारात ज्योत्स्नाबाई मुळेवालीशी भांडत होत्या, तेही अस्सल मिरजेच्या मराठीत. मुळा दिलास तर त्याचा पाला का खुडून घेतलास, असा वाद होता. मुळेवाली तावातावानं कोरियनमध्ये उत्तरं देत होती आणि दोघींना एकमेकींचं अक्षर न् अक्षर कळत होतं. शेवटी पाल्याची भाजी कशी करावी यावर दोघींचं सूत जुळलं आणि पाला पिशवीत आला. त्यांची लेक मृण्मयी बाजूला उभी राहून हसत होती. आई कोरियात आल्यापासून दुभाषी म्हणून तिला एकदाही मध्ये पडावं लागलं नव्हतं.

ही सगळी करामत कर्णिकेची. हरभऱ्याएवढं ते यंत्र कानात बसवलं की समोरच्याचा मूळ आवाज दबून जाई आणि त्याचं बोलणं त्याच्याच आवाजात, पण आपल्या भाषेत ऐकू येई. मृण्मयी ते बनवणाऱ्या कंपनीत होती आणि तिच्या गटाचं काम होतं ‘रिक्तपूर्ती’. माणसं निम्मं बोलणं गिळतात. “बघू...” म्हणतात, सुस्कारा सोडतात आणि उरलेलं समोरच्यानं ओळखायचं असतं. पहिल्या कर्णिका अशा जागी गप्प बसायच्या आणि लोक त्या बिघडल्या म्हणून परत आणून द्यायचे. मग मृण्मयीच्या गटानं कर्णिकेला रिकाम्या जागा भरायला शिकवलं. आधीचा संदर्भ, ऐकणाऱ्याची नाडी, त्याचा श्वास, त्याची आजवरची बोलणी यांवरून त्याला पटेल असं वाक्य ती जुळवी. तक्रारी थांबल्या. मृण्मयीला या कामाचा अभिमान होता आणि तो लपवायचं तिला काही कारण वाटत नव्हतं.

आता खरं सांगायचं तर ज्योत्स्नाबाई कोरिया बघायला आल्याच नव्हत्या. मृण्मयी शाळेत असताना तिचे वडील विलासराव घर सोडून सुरतेला गेले आणि तिथं त्यांनी दुसरा संसार थाटला. आता तोही मोडला होता. प्रकृती खालावल्यावर ते मिरजेत भावाकडे येऊन राहिले होते आणि परत घरी येऊ का, असा निरोप त्यांनी पाठवला होता. बाईंनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, सरळ विमानाचं तिकीट काढलं. मृण्मयीचं मत ठाम होतं: त्या माणसाला दारात उभं करायचं नाही. ती ते रोज या ना त्या निमित्तानं ऐकवी. आई ऐकून घेई आणि भाजी निवडायला बसे.

गाण्यात मुरलेला मिरजेचा कान, म्हणून मृण्मयी आईला नामवॉनला पान्सोरी ऐकवायला घेऊन गेली. पान्सोरी म्हणजे गायलेली कथा. एक चटई, हातात पंखा घेतलेली एक गायिका आणि शेजारी बुक नावाचा बसका ढोल वाजवणारा एक वादक, एवढाच संसार. पण तीच गायिका राजा होते, म्हातारी होते, वादळही होते, आणि हे तासन्‌तास चालतं. गुरूच्या तोंडून शिष्याच्या तोंडी अशा या कथा चालत आल्या आणि प्रत्येकानं त्यात आपली चार वाक्यं घातली. मृण्मयीनं आईला आणखी एक गंमत सांगितली होती, की वादक आणि प्रेक्षक मधूनमधून गायिकेला साद घालतात. तिला छुइमसे म्हणतात आणि तिच्यावाचून पान्सोरी अळणी.

“म्हंजे आपल्यासारखंच की. काळजाला हात घालणारी जागा आली की वा म्हणायचं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी तसं म्हटलंही. गायिका बांग सुन-ए सत्तरीची, आवाज खरवडल्यासारखा घोगरा. तिची पहिलीच तान ऐकून बाईंच्या तोंडून मोठ्यानं “वा” निघालं. समोरच्या रांगेतल्या पोरानं वळून पाहिलं आणि बाई शरमल्या. सभागृह तुडुंब भरलं होतं, पण तोंड कोणीच उघडत नव्हतं. कथेची बोली इतकी जुनी, की तरुण कोरियन माणसांनीही कर्णिका घातल्या होत्या आणि प्रत्येक जण आपापल्या कानात गुंतला होता.

कथा एका कुंभारणीची होती. नवरा रांजण विकायला म्हणून गेला तो गेलाच. हिनं चाक फिरवलं, भट्टी लावली, सासू-सासऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. केस पांढरे झाल्यावर एका संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. मागं सगळं गाव जमलं आणि विचारू लागलं, याला आत घेतेस का? गायिकेनं चेहऱ्यासमोर पंखा उघडून धरला. तो पंखा म्हणजे बंद दार. त्यामागून एक शब्द नसलेला लांब सूर आला. पुढं कुंभारणीचं उत्तर ऐकताना मृण्मयीच्या अंगावर काटा आला. पंखा मिटला, गायिकेनं वाकून नमस्कार केला आणि लोक डोळे पुसत उठले.

बाहेर आल्यावर बाई हलकेच म्हणाल्या, “घेतलं बाई तिनं त्याला आत. एवढं सोसून घेतलं.”

“आत कुठं घेतलं? दार लावलं ना तिनं. ‘तुझ्या नावाचा रांजण मी कधीच फोडला,’ म्हणाली.”

“काहीतरीच काय? ‘आत ये, भात गार होतोय,’ म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलं मी.”

एक शब्द इकडचा तिकडं होईल, पण अख्खा शेवट? ती आईला घेऊन तडक रंगमंचामागे गेली.

तिथं बांग सुन-ए पाय पसरून बसली होती आणि तिचा चेहरा पडला होता. मृण्मयीनं शेवट कोणता होता असं विचारताच ती चक्रावली. शेवट आज झालाच नाही, ती म्हणाली. त्या सुरापाशी ती थांबते, सभागृहातून साद येते, आणि सादेत काय ऐकू येतं त्याप्रमाणे ती उत्तर गाते. गुरूनं दोन्ही उत्तरं शिकवली आहेत. आज सादच आली नाही. पंख्याआड ती ताटकळली आणि अखेर नमस्कार करून मोकळी झाली. लोक रडत का होते, ते तिला समजत नव्हतं. म्हातारा वादक पुटपुटला, की त्याला तर वाटलं आपलाच ठेका चुकला.

म्हणजे गायिका शेवट गायलीच नव्हती. रिकामी जागा होती आणि कर्णिकेनं ती भरली होती, प्रत्येक कानात वेगळी. मृण्मयीनं स्वतःची कर्णिका काढली, आईलाही काढायला लावली आणि काय झालं ते जमेल तसं सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “म्हंजे ‘आत ये’ म्हणाली, ती मीच का?”

“तसं नाही म्हणता येत. तुझी नाडी, तुझा श्वास, तुझं पूर्वीचं बोलणं, यावरून यंत्रानं अंदाज बांधला.”

“नाडी माझी, श्वास माझा. मग मी नाही तर कोण?”

यंत्र चुकलं म्हणावं, तर तिच्या स्वतःच्या कानातलं बंद दारही चूकच ठरत होतं. बरोबर म्हणावं, तर बाबांना घरात घ्यायला आई मनातून कधीच तयार झालेली होती. आणि दोन्ही खरं असेल तर? ती पार गोंधळून गेली.

“शेवट गायलेच नाही, असं या बाई खरंच म्हणाल्या का?” आईनं एकाएकी विचारलं. “का तूच सांगतेयस? तुला ते घरात नकोच आहेत.”

मृण्मयीला हे फार लागलं. पण आईचं चुकत होतं असंही नाही. गायिकेचं बोलणंही तिनं कर्णिकेतूनच ऐकलं होतं आणि त्याचा भरवसा उरला नव्हता; तिच्याजवळ आता लेकीच्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात गायिका उठून उभी राहिली. अर्धी कथा घेऊन आपल्याला घरी जाता येत नाही, ती म्हणाली. आता सभागृह म्हणजे या पाहुण्या बाई, त्यांनीच साद द्यावी. मृण्मयीनं ते आईला सांगितलं, एक शब्दही न बदलता. वादकानं थाप दिली. पंखा उघडला आणि तो लांब, उघडा सूर खोलीभर पसरला. दाबणारं यंत्र कानात नसताना तो किती जखमी वाटतो, हे मृण्मयीला पहिल्यांदाच कळलं. सूर थांबला. ठेका वाट पाहत राहिला. आईचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिच्या घशातून आवाज फुटला, “उंऽऽ...”

मराठीत तो नुसता कण्हणारा सूर होता. कोरियनमध्ये जवळची माणसं ‘हो’ म्हणतात ती अशीच. गायिकेचा चेहरा उजळला आणि तिनं उत्तर गायला घेतलं. बोली जुनी होती, पण एवढे शब्द मृण्मयीला सहज कळले. आत ये, पाय धुवायला पाणी ठेवलंय.

“आई, तू आत्ता उं म्हणालीस, ते हो होतं का?” तिनं घाईघाईनं विचारलं.

“मी? मी कुठं काय म्हणाले?” बाईंनी लेकीचा दंड घट्ट धरला. त्यांचे डोळे भरले होते आणि नजर पंख्यावरून हलत नव्हती. “ते राहू दे. काय गातेय गं ती? घेतलं का त्याला आत?”